हिरव्या झाकणाचा डबा

गवत कापायच्या धंद्यात मला सतरा वर्षं झाली, पण मशीन निवडायची अक्कल मला अजून आलेली नाही. हे आज कबूल करतो. तेव्हा मात्र दुकानात शिरताना मी छाती पुढे काढून शिरायचो.

काम मुळात दादाचं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बंगल्यांपुढची हिरवळ, शाळेचं मैदान, दवाखान्यामागचा उतार, अशी एकेक कामं त्याने जोडली आणि मला हाताशी धरलं. मग त्याची कंबर गेली. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं, तसा दादा खाटेवर बसून सगळ्या घराला सूचना द्यायला लागला आणि त्याच्या जागी वहिनी माझ्याबरोबर कामाला यायला लागल्या. मी मनात म्हटलं, झालं आता. चार दिवसांत पाय दुखतात म्हणून घरी बसतील. वहिनी बसल्या नाहीत. सपाटीवर ढकलायचं मशीन त्या चालवायच्या, उतारावर आणि कुंपणाच्या कडेला खांद्यावरचं ग्रास कटर घेऊन मी. महिनाभरात त्यांच्या रेषा माझ्यापेक्षा सरळ यायला लागल्या. मी तसं कधी बोलून दाखवलं नाही, ती गोष्ट वेगळी.

जुन्या ग्रास कटरने हात टेकले आणि नवं घ्यायचं ठरलं. माझा जीव एका लालभडक मशीनवर जडला होता. आवाजच असा, की लांबून माणसांनी वळून बघावं. दादाच्या मनात काय आलं कोण जाणे, तो म्हणाला, या वेळी हिला ठरवू दे. आमच्या घरात पडद्यांचा रंगसुद्धा दादा ठरवायचा. वहिनींना ते खरंच वाटेना, त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग दुकानात तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला सुटे भाग कुठे मिळतात आणि दुरुस्ती कोण करतं, एवढंच विचारलं. दुसऱ्या खेपेला मशीनचा पट्टा खांद्याला अडकवून पाव तास नुसत्या उभ्या राहिल्या. दुकानदारीणबाई हसायला लागल्या, तर वहिनी म्हणाल्या, भावोजींना हे चार तास पेलायचंय, मला पाव तास पेलू दे. तिसऱ्या खेपेला त्या आमच्याच धंद्यातल्या दोघांना विचारून आल्या होत्या, की कापायची नायलॉनची दोरी संपली तर रीळ जागच्या जागी भरता येतं का. एवढं सगळं करून घेतलं काय, तर एक राखाडी, मुखदुर्बळ, सरळ दांड्याचं मशीन. मी घरी येऊन दादाला म्हटलं, मुलीला स्थळ बघावं तसं बघितलंय वहिनींनी, आणि शेवटी गळ्यात मारलंय माझ्या.

ते मशीन अकरा महिने एका दोरीत, म्हणजे सुरू करायची दोरी एकदाच ओढून, चालू झालं. ओलं गवत असो, जून झालेलं असो, त्याने कधी कुरकुर केली नाही. खांदाही दुखला नाही. हळूहळू दादा बाकीच्या गोष्टीही वहिनींना विचारायला लागला. दवाखान्याचं वर्षभराचं काम घ्यायचं का, हेही त्याने त्यांनाच विचारलं आणि त्या घ्या म्हणाल्या म्हणून घेतलं. वहिनींचं बोलणं बदललं होतं. आधी त्या वाक्य अर्धं सोडायच्या, आता पूर्ण करायच्या.

आमच्याकडे पेट्रोलचे दोन डबे. लाल झाकणाच्या डब्यात साधं पेट्रोल, ते ढकलायच्या मशीनला. हिरव्या झाकणाच्या डब्यात तेल मिसळलेलं, ते ग्रास कटरला. तेलाशिवाय ग्रास कटर चालवलं तर आतलं सगळं घासून जातं, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. तेल निळं, त्यामुळे मिसळलेलं पेट्रोल निळसर दिसतं. रोज सकाळी मापाने तेल घालून, डबा हलवून, झाकण लावून ठेवायचं काम वहिनींचं.

त्या दिवशी मी दवाखान्यामागच्या उतारावर होतो आणि वहिनी पुढच्या हिरवळीवर. ऊन मी म्हणत होतं. टाकी संपली म्हणून मी हिरव्या झाकणाचा डबा उघडला, तेवढ्यात मित्राचा फोन आला. झाकण नुसतं टेकवलं, डबा उतारावर तसाच ठेवला आणि भिंतीच्या सावलीत जाऊन गप्पा हाणल्या. परत येऊन बघतो तर डबा आडवा. सगळं निळं पेट्रोल पाण्याच्या टाकीपाशी गवतात जिरलेलं. नवं मिसळायचं तर तेलाची बाटली वहिनींच्या पिशवीत, म्हणजे त्यांना सांगणं आलं. त्या काही बोलल्या नसत्या. त्यांचं ते काही न बोलणंच मला नको होतं. मी लाल झाकणाच्या डब्यातलं पेट्रोल हिरव्यात ओतलं, हिरव्यातलं मशीनच्या टाकीत ओतलं आणि मनाशी म्हटलं, एका टाकीने काय आभाळ कोसळतंय!

आभाळ वीस मिनिटांत कोसळलं. मशीन तापलं, आवाज बारीक झाला आणि गप्पकन बंद पडलं. दोरी ओढली तर जागची हलेना. मी ते उचलून पुढे नेलं आणि वहिनींना म्हटलं, घ्या, तुमच्या मशीनने मान टाकली.

मिस्त्रीने आमच्यासमोरच ते उघडलं. पिस्टनवरचे ओरखडे दाखवले आणि पेट्रोलचा डबा मागितला. हिरव्या झाकणाचा डबा त्याने उजेडात धरला. आत पाण्यासारखं स्वच्छ पेट्रोल.

"यात तेलाचा थेंब नाही," तो म्हणाला.

वहिनींनी डबा हातात घेतला, स्वतः उजेडात धरला, बराच वेळ बघितला. त्या सकाळी दादाची गोळ्यांची डबी सापडत नव्हती, घरभर शोधाशोध चालली होती, तेवढ्यात खालून टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. तेच त्यांना आठवलं असणार.

"सकाळी मीच भरला होता," त्या म्हणाल्या. "माझ्याकडूनच राहिलं."

मी हातभर अंतरावर उभा होतो. तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो? मी तोंड उघडलं आणि मिस्त्रीला विचारलं, किती दिवस लागतील.

मिस्त्रीने कुठलातरी जुना पिस्टन बसवून दिला आणि चालेल तेवढं चालवा म्हणाला. ते धापा टाकत दोन महिने चाललं. त्या दोन महिन्यांत आमच्या घरात वहिनींचा विसरभोळेपणा हा करमणुकीचा विषय झाला. दादाने सुरुवात केली. जेवायला बसला की म्हणायचा, मीठ घातलंय ना, की पेट्रोलसारखंच? कुठे निघालो की पुतणी विचारायची, आई, कुलूप लावलंस का, नक्की? सगळे हसायचे. मीही हसायचो. हसलो नसतो तर कुणाला संशय आला असता, असं नाही. उगाच हसायचो, निर्लज्जासारखा. वहिनीही थोडं हसायच्या आणि उठून जाऊन कुलूप बघून यायच्या.

सकाळी पेट्रोल मिसळताना त्या डबा तीनदा उजेडात धरायला लागल्या. टेम्पोत बसल्यावर पुन्हा एकदा. दादाने दवाखान्याच्या पुढच्या वर्षाचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, मला काय कळतंय, तुम्ही दोघं बघा. वाक्यं परत अर्धी राहायला लागली. आणि उतारावर, पाण्याच्या टाकीपाशी, जिथे पेट्रोल जिरलं होतं तिथे गवत जळून हातभर पिवळा डाग पडला. एकदा वहिनी तिथे थांबल्या. इथे काय झालं असेल हो, म्हणाल्या. मी म्हटलं, कुत्रं मुतलं असेल. एवढं मुततं का कुत्रं, म्हणत वहिनी त्या दिवशी मनापासून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी मशीन सुरू करून पुढचं गवत कापायला लागलो.

शेवटी मशीन पूर्णच बसलं आणि आम्ही दोघं त्याच दुकानात गेलो. वहिनी दारातच म्हणाल्या, भावोजी, या वेळी तुम्हीच निवडा. ते लालभडक मशीन समोरच टांगलेलं होतं. मला त्याच्याकडे बघवेना. मी दुकानदारीणबाईंना म्हटलं, भरवशाचं काय आहे ते दाखवा. बाई म्हणाल्या, अकरा महिने तक्रार नव्हती, मग त्या मशीनला झालं काय?

"मशीनला काय होतंय," वहिनी म्हणाल्या. "मीच तेल घालायला विसरले. माझ्यासारखीच्या हाती बॅटरीचंच द्या, म्हणजे मिसळायची भानगड नको."

हे त्यांनी हसून सांगितलं. एक गिऱ्हाईक बाजूला खिळे निवडत होतं, तेही हसलं. बाईंनी बॅटरीचं मशीन काढलं, पण त्या सरळ माणूस, म्हणाल्या की बागेपुरतं छान आहे, उतारावरच्या जून गवताला पुरं पडणार नाही. चालेल, वहिनी म्हणाल्या. उताराचं काम सोडू.

खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात आधी दवाखान्याचं काम आलं. ते हातचं जातंय, हे आधी दिसलं. वहिनींचा चेहरा त्याच्यानंतर दिसला. बोललो ते असं बोललो.

"वहिनी, तेल तुम्ही घातलं होतं. डबा माझ्याकडून सांडला. मी साधं पेट्रोल भरलं."

खिळेवाल्याने खिळे निवडायचे थांबवले. वहिनी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण मशीन घेताना विचारायच्या तसं त्यांनी एकेक विचारलं.

"कुठे सांडला?"

"उतारावर. पाण्याच्या टाकीपाशी."

"तो पिवळा डाग?"

"हो."

"कुत्रं म्हणालात."

मी मान खाली घातली. माझ्या बुटांवर वाळलेलं गवत चिकटलेलं होतं, मी तेच बघत राहिलो.

"घरात सगळे हसत होते," त्या म्हणाल्या, "तेव्हा तुम्हीही हसलात, भावोजी."

मला माफ करा म्हणालो. त्यांनी ते ऐकलं की नाही माहीत नाही. त्या बाईंकडे वळल्या आणि म्हणाल्या, बॅटरीचं ठेवा, आमच्या पूर्वीच्यासारखं राखाडीच द्या. मग पट्टा खांद्याला अडकवला आणि पाव तास उभ्या राहिल्या. मी त्यांच्या समोर पाव तास उभा राहिलो. या वेळी बाई हसल्या नाहीत.

परत येताना एवढंच म्हणाल्या, ह्यांना तुम्ही सांगायचं, मी सांगणार नाही. मी दादाला सांगितलं. पुतणी तिथेच अभ्यास करत होती, तिच्यासमोर सांगितलं. दादाने मला दोन शब्द ऐकवले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. जेवताना मिठाचं कुणी काही बोललं नाही. दादाने दवाखान्याच्या कामाचं विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, घ्यायचं, आणि का घ्यायचं तेही शेवटपर्यंत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी तेल मापलं, डबा हलवला, एकदाच उजेडात धरला, झाकण लावलं आणि डबा स्वतःच्या पिशवीशेजारी ठेवला. उतारावर टाकी संपल्यावर मी खाली आलो आणि डब्याकडे हात केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मी भरते."

त्याला आता दीड वर्ष झालं. मशीन एका दोरीत चालू होतं. पिवळ्या डागावर वहिनींनी नवं गवत लावलं, तेही धरलं. माझ्याशी त्या नीट बोलतात, चेष्टाही करतात. पण हिरव्या झाकणाच्या डब्याला मी हात लावलेला नाही. टाकी संपली की मी उतारावर उभा राहून हात वर करतो. वहिनी ढकलायचं मशीन बंद करतात, डबा घेऊन वर येतात, टाकी भरतात आणि झाकण लावून निघून जातात. झाकण नीट लागलंय का, ते परत एकदाही बघत नाहीत.