लवूच्या गुडघ्याचा नवस

मित्रांनो, मी फुटबॉलचा एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. डावाही इथेच माळ्यावर पडलाय. पण दुखणं माझ्या बाजूला झालं, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं.

कुर्ल्याच्या एका कारागिराने मला शिवलं आणि घाटकोपरच्या लवूने पायात घातलं. लवू अभ्यासात बेताचा, पण उजवा पाय फार हुशार. वडील काशीराम यांची गिरणी संपात बसली ती उठलीच नाही, आणि घराची सगळी भिस्त त्या पायावर आली. कंपनीच्या संघात निवड झाली की नोकरी पक्की, असा तो काळ होता. चाळीत लवूचं कौतुक व्हायचं, उरलंसुरलं माझंही.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात मी मैदानातल्या चिखलात रुतलो. लवू वळला, मी वळलो नाही. गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला. तो फक्त आम्हा दोघांना ऐकू आला.

पुढे प्लास्टर, काठी, लेप, आणि ज्यांनी कधी चेंडूला पाय लावला नाही अशा शेजाऱ्यांचे सल्ले. मी खाटेखाली बुरशी धरत होतो. वर लवू रात्रंदिवस कूस बदलायचा, तेवढीच त्याची खबर. वर्ष उलटलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "खेळ आता. पण गुडघे टेकून बसायचं नाही."

निवड चाचणीचं बोलावणं आलं आणि लवूच्या आईला, जानकीबाईंना, नवस आठवला. डोंगरावरच्या देवीला त्या बोलल्या होत्या: पोराचा गुडघा बरा कर, तो तुझ्या पायऱ्या गुडघ्यांवर चढेल. बोलताना त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"बरो झालेलो गुडघो पुन्हा मोडूक काढलंस काय गो?" काशीराम म्हणाले.

"नवस न फेडता चाचणीक धाडू? आणि देवी कोपली तर?"

लवूने मला पिशवीत भरलं. नवस फेडून तिथूनच पुढे चाचणीच्या मैदानावर जायचं होतं.

चामडं वर चालत नाही, म्हणून पायथ्याशी फुलवाल्या चंपाबाईंच्या टोपलीमागे मला ठेवलं.

"पोरगा लंगडतोय ना गं?" चंपाबाईंनी जानकीबाईंना विचारलं.

"लंगडत नाय. बरो झालोहा."

"मग झालं तर. उतरताना बघू."

मी वाट बघत बसलो. लोक उतरत होते. प्रत्येक पावलात मी ओळखीचा पाय शोधत होतो. एकजण काठी टेकत आला आणि माझ्या नाड्या गार पडल्या. तो दुसराच कुणी निघाला.

अखेर लवू आला, सरळ चालत. त्याच्या खांद्यावर भार टाकून जानकीबाई येत होत्या. लुगडं गुडघ्यांवर फाटलेलं, रक्ताने चिकटलेलं.

"मी पहिल्या पायरीवर गुडघा टेकला," लवू चंपाबाईंना सांगत होता, "तर माझं तोंड बघून हिने मला उठवलं. मग स्वतःच खाली बसली. ऐकतेय कुणाचं?"

"नवस त्याच्या नावाचा ना गं? देवीला चालतं असं?"

"मी बोललंय, मी फेडलंय," जानकीबाई म्हणाल्या. "देवी पण आईच ना?"

दुपारी लवूने मला घातलं. पायाची बोटं आकसून माझ्या तळाला धरून बसली होती. बराच वेळ तो चेंडूपासून लांबच पळत होता. मग चेंडू नेमका आमच्यावरच आला, आणि बोटं घाबरायची विसरली.

लवूला नोकरी लागली. गुडघ्याने काही मोसम साथ दिली, मग गुडघ्यानेच राजीनामा दिला. नोकरीने दिला नाही. माझी रवानगी माळ्यावर झाली. त्याबद्दल तक्रार नाही, कधीतरी धूळ झटकलीत तर बरं.

घरी आलेला प्रत्येकजण आजही विचारतो, "काय लवू, गुडघा कसा आहे?" तेव्हा जानकीबाई भिंतीला धरून, एकेक पाय ओढत, त्याच्यासाठी चहा घेऊन येत असतात. मित्रांनो, तुम्ही आलात तर आधी त्यांना विचारा. आणि चहा उठून आत जाऊन घ्या.