मागच्या माणसाची शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. बेंगळुरूच्या शिवाजीनगरातल्या एका खोलीत, दाराजवळच्या खिळ्याला लटकले आहे.

मित्रांनो, इथल्याच गल्लीतल्या एका कारखान्यात मी घडले. कारागिराने माझ्या पोटात बुचाचा मणी घातला, ओठांना लावून फुंकलं आणि पत्र्यावरची कबुतरं भुर्रकन उडाली! पुढे निपाणीकडून बेंगळुरूला आलेल्या कल्लाप्पाने मला विकत घेतलं. तो रात्री लोकांना गाडीत घालून घाटातल्या राष्ट्रीय उद्यानात न्यायचा, दिवसभर डोंगर दाखवून परत आणायचा. पण मी त्याच्या गळ्यात नसे. मी असायची त्याच्या बायकोच्या, चंपाच्या गळ्यात. रांगेत तो सर्वांत पुढे, ती सर्वांत मागे. वळण आलं की तो थांबून हाक देई, "चंपेऽ!" ती मला फुंके. माझा आवाज आल्याशिवाय तो पुढचं पाऊल टाकत नसे.

चालता चालता ती गुणगुणे,

पुढं चाले माझा धनी, मागं माझी गं पाउलं
वळणाच्या आड त्याच्या हाकंनं मन धावलं

त्या दिवशी इंदिरानगरच्या एका ऑफिसातली मंडळी होती. त्यांतला ईशान पक्ष्यांचे आवाज टिपत होता.

"अण्णा, ती शिट्टी बंद ठेवाल का? प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये तीच येते."

पाहुण्याचं मन कसं मोडायचं? कल्लाप्पाने हात पुढे केला. "दे गं इकडं, आज स्वल्प गप बसू दे तिला."

"अहो, आणि मी हरवले तर? भाकरी कोण थापंल तुम्हाला?"

"हरव की! गाडीत ऐसपैस तरी बसीन."

सगळे हसले. तीही हसली. मी त्याच्या खिशात गेले.

उतरताना धुकं आलं. वळणावर कल्लाप्पा सवयीने थांबला. पण आज मागून काही वाजायचंच नव्हतं. तो तसाच पुढे निघाला.

गाडीपाशी सगळे पोचले, चंपा नव्हती. लोकांनी टाकलेली वेष्टनं वेचत यायची तिची सवय, वाटलं, येईल. आली नाही.

मग तो मला घेऊन धावत वर चढला. जीव खाऊन फुंकलं. समोरच्या कड्यावरून माझाच आवाज परत आला.

"ओ दिली! तिनं ओ दिली!" म्हणत तो तिकडे धावला. पुन्हा फुंकलं, पुन्हा धावला. अरे, ती नव्हे, मीच ती, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला एवढा एकच आवाज येतो.

सकाळी वनरक्षकांना ती कड्याखाली सापडली. ओढणीच्या टोकाला, वेचलेल्या वेष्टनांवर गाठ तशीच होती. तिने हाका मारल्या असतील. धुक्यात माणसाचा गळा कितीसा पोचणार?

कल्लाप्पा आता देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे टॅक्सी चालवतो. डोंगराचं नाव काढत नाही. फक्त घरी येताना जिन्याच्या वळणावर थांबतो, हळूच "चंपे" म्हणतो आणि मागे बघत उभा राहतो. माझ्या पोटातला मणी सुकला आहे, अंगावर हिरवी पुटं चढली आहेत. मी वाजत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकाकवू नका. तुमच्या रांगेत जे कुणी सर्वांत मागे चालत असेल, त्याच्या गळ्यातली शिट्टी मात्र कधी काढून घेऊ नका.

जिन्यावर पावलं वाजताहेत. आता तो वळणावर थांबेल.