बकरीले सांगितलं

सकाळी नळीतून पेज, मंग अंग पुसणं, कूस बदलणं, चादरी धुणं. दिवाळीपासून हेच चालू आहे. माह्या कमरेचा पार भुगा झाला, पन सांगाचं कोनाले? आमच्या बबलूचे बाप मोटरसायकलीवरून पडले, डोस्क्याले मार लागला, तवापासून डोळे उघडे अन् मानूस गायब. नाकात नळी. मी त्यायची बायको, जमनाबाई. आमच्या तांड्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मीबी कधी घेतलं नाही.

यवतमाळचा डॉक्टर म्हणे, मेंदूचा समजाचा भाग गेला. डोळे उघडतात, जांभई येते, ते आपोआप होते, आत कोनी नाही. मी म्हटलं, बाप्पा, मंग जांभई कोन देऊन राह्यलं? तो बिचारा समजावत बसला, माह्या डोक्यात काही शिरलं नाही. माह्ये जेठ नेमसिंग, म्हंजे यायचे मोठे भाऊ, म्हणत, जीव छातीत असते, अजून धडधडते. नागपूरवरून आलेला माह्या पोट्टा बबलू म्हणे, जे आहे ते सारं डोक्यात. मले एवढंच समजे, आत कोनी नसंन त मी दिवसभर हे कोनाचं करून राह्यली?

मंग यायले तपासाले नेलं तवा डॉक्टर म्हणे, घरच्यायनं कानापाशी नाव घेऊन हाका मारा, डोळे वळतात का पाहू. जेठायनं "शंकर, शंकर" करून पाह्यलं. बबलूनं "बा" म्हणून पाह्यलं. मंग मले म्हणे, तुमी घ्या नाव. जेठासमोर! मेली लाज बाजूले ठेवली अन् घेतलं. राशन दुकानात पुकारतात तसं निंगालं तोंडातून. यायचे डोळे छताले ते छतालेच. आता तुमीच सांगा, जन्मात माह्या तोंडून जे ऐकलं नाही, त्याले हा मानूस ओ कसा देईन?

घरी आल्यावर बाजेपाशी बसून आमी ठरवलं. नळी बदलाची वेळ झालीच होती. उद्या जुनी काढाची, नवी घालाची नाही. बबलू रडला, जेठायनं हो म्हणून मान हलवली. मी म्हटलं, सुटतीन बिचारे. अन् खरं सांगते, मनात आलं, मीबी सुटीन.

उन्हं उतरली तवा घरात मी एकटीच होती. बकरी आत आली अन् पेजेच्या गंजात तोंड घातलं. माह्यं डोकंच फिरलं. सासू होती तवा तिच्यासमोर नवऱ्याशी बोलाची सोय नव्हती. लेकी बोले सुने लागे, तसं यायले जे सांगाचं ते मी बकरीले सांगू. "बकरे, तूर सोंगाची राह्यली न वो," म्हटलं का हे मुकाट विळा उचलत. सासू गेली, सवय राह्यली. तसंच तोंडातून गेलं.

"खाय वो बाई बकरे, तूच खाय. मी मेली तरी कोनाले काही पडली आहे का इथं?"

यायचे डोळे छतावरून खाली आले. बकरीकडे गेले नाहीत, माह्यावर आले. मी बकरीले पुन्हा बोलली. पुन्हा आले.

आनंद व्हाले पायजे होता, पन मले दुपार आठवली. दुपारी याच बाजेपाशी बसून आमी नळीचं ठरवलं होतं. सुटतीन म्हटलं होतं मी, माह्या तोंडानं. ते सारं यायनं ऐकलं होतं.

बबलूले फोन लावला, उद्या नवी नळी घालाची म्हणून सांगितलं. तो काहून काहून करत राह्यला, मी फोन ठेवला. मंग खाली बसली, बकरीचे कान धरले अन् तिले म्हटलं, "चुकलं वो बाई माह्यं. लय थकली होती मी."