टिचबटणाचे बटवे

जमुनाबाई ऑटोतून उतरल्या आणि त्यांच्या अंगावरची साडी पाहून नंदाबाईच्या हातातली हळदीची वाटी कलंडता कलंडता राहिली.

वांग्याच्या रंगाची साडी. तिच्यावर पिवळी बारीक बुट्टी.

अगदी तशीच दुसरी साडी नंदाबाईच्या घरी होती. होती, असंच म्हणायला हवं. आता ती मांडवात ठेवलेल्या टोपल्यात होती, तुकड्यातुकड्यांनी, बटव्यांच्या पोटात.

गोंदियाकडे आहेराच्या साड्या नेसायला नसतात, फिरवायला असतात. एखादी साडी दवनीवाड्याहून निघते, चार लग्नं आणि दोन बारशी करून तालुका ओलांडते, आणि घडी न मोडता जगते. नियम एवढाच, की जिने दिली तिच्याच ओटीत ती परत पडता कामा नये. कोणती साडी कोणाची, हे नंदाबाईला तोंडपाठ असायचं. गावातल्या बाया आपापल्या पेट्या तिच्यापुढे उघडून विचारायच्या, "पाह्य वो, हे कोणाची असन?" आणि नंदाबाई बोट ठेवून सांगायची.

पण या फिरतीचा तिला कंटाळा आला होता. म्हणून रीताच्या, तिच्या मुलीच्या, हळदीला येणाऱ्या बायांना साडीऐवजी बटवे द्यायचं तिने ठरवलं. शिवण तिला कोणी शिकवलं नव्हतं; दुसऱ्याचं शिवलेलं उसवून उसवून ती शिकली होती. वरून ब्लाउजपिसाचं कापड, आतून साडीचं अस्तर आणि झाकणाला टिचबटण. बटणाच्या उंचवट्याला खडू लावायचा, झाकण दाबायचं, खूण उमटली की नेमकी तिथेच दुसरी टिकली टाचायची. आत सुपारी आणि कुंकवाची पुडी. झालं.

आता जमुनाबाईंचं. त्या चैतरामची, म्हणजे नंदाबाईच्या नवऱ्याची, थोरली बहीण. तिरोड्याला असतात. रीता कॉलेजची दोन वर्षं त्यांच्याकडेच राहिली. साखरपुड्याला त्यांनी ही साडी दिली, एकसारख्या दोन घेऊन, एक स्वतःला आणि एक भावजयीला. सकाळी दिली आणि दुपारी पंगतीत भर लोकांत म्हणाल्या, "नंदे, हा भात आहे का गुराचा कोंडा?" धानाच्या घरात कोणी भाताला नावं ठेवावीत? नंदाबाईनेही ऐकवलं, "तुमच्या घरी तं पाव्हण्याले भात दिसतच नाई जी." तेव्हापासून बोलणं बंद.

लग्न जवळ आलं तेव्हा चैतराम बहिणीला बोलवायला गेला आणि निरोप घेऊन आला: बाई येत नाही, दुसऱ्याच घरी भात खाईन म्हणते. रीता कोपऱ्यात जाऊन बसली. या घरात मुलीच्या अंगाला पहिली हळद आत्याच लावते. आत्या नसली तर कोण लावणार, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. नंदाबाईने पेटी उघडली, वांग्याच्या रंगाची साडी ओढून काढली आणि कात्री चालवली.

म्हणजे साडी चुकून कापली गेली नव्हती.

आणि आता आत्या दारात उभी होती. रीताने आईला न सांगता फोन केला होता, रडली होती.

"का पाहून रायलीस वो नंदे? भूत आलं का?"

"नाई बाई. या जी, बसा."

"बसतो मंग. आधी तू साडी बदल. तुयी अशीच आहे ना? काढ. दोघी एकसारख्या होऊन पोरीले हळद लावू. लोकाईले दिसू दे, का भाताचं भांडण भातासंगच शिजलं."

रीता आत्याच्या गळ्यात पडलेलीच होती. तिथूनच म्हणाली, "घाल ना वो आई."

"ब्लाउज घट्ट होते," नंदाबाई म्हणाली.

"दुसरा घाल. ब्लाउज कोण पाह्यते?"

नंदाबाई आत गेली. पेटीसमोर उभी राहिली, पण पेटी उघडून काय करणार? चैतराम मागून आला. त्याला सगळं माहीत होतं.

"सांगून दे, उंदरानं कुरतडली."

"अना अस्तर का उंदरानंच लावलं?"

"मंग का करतेस?"

"टोपला लपवा आधी. बटवे जाताना देऊ, बाई गेल्यावर..."

तेवढ्यात मांडवातून आवाज आला. टिच. मग दुसरा. मग तीन-चार एकदम.

नंदाबाई धावली. शेजारच्या सुशिलाबाईने, मदत म्हणून, टोपलं उचलून वाटप सुरूही केलं होतं. बाया बटवे उघडत होत्या, मिटत होत्या, पुन्हा उघडत होत्या. त्या आवाजाचा नादच असा की एकदा उघडून कोणाचं समाधान होत नाही.

"का मस्त शिवलन वो नंदाबाईनं!" सुशिलाबाई म्हणत होती. "घ्या आत्याबाई, तुमी लाल घ्या."

"थांब सुशिला!"

पण लाल बटवा जमुनाबाईंच्या हातात गेला होता. त्या झाकण ओढू लागल्या. नंदाबाईने बटण पक्कं टाचलं होतं, ते हलेना.

"बापा, बटण आहे का कुलूप?"

"द्या जी इकडं. मी तुमाले दुसरा देतो, चांगला."

"हाच चांगला आहे. सोड."

दोघींनी क्षणभर तो बटवा दोन्हीकडून धरला. मग नंदाबाईने सोडला.

टिच.

जमुनाबाईंनी आत पाहिलं. सुपारी काढून मांडीवर ठेवली. पुन्हा आत पाहिलं. आपला पदर पुढे ओढला आणि अस्तराला लावला. पिवळी बुट्टी पिवळ्या बुट्टीशेजारी बसली.

सुशिलाबाईने आपला बटवा हळूच मिटला, तो आवाजही सगळ्यांना ऐकू आला.

"विसरलीस का?" जमुनाबाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "होते असं. पेटीत ढीग राह्यते. कोणती कोणाची, समजत नाई."

रीता आईकडे पाहत होती. डोळ्यांनीच सांगत होती, हो म्हण. एवढंच म्हणायचं होतं. पण मांडवातल्या प्रत्येक बाईने कधी ना कधी आपली पेटी नंदाबाईपुढे उघडली होती. आणि जमुनाबाईंकडे बघत खोटं बोलायचं, तेही त्यांनीच पुढे केलेलं, हे नंदाबाईला जमेना.

"नाई बाई. तुमची आहे, माहीत होतं. तुमी येत नाई म्हणून सांगावा आला, तवा तुमचीच कापली."

जमुनाबाई उठल्या. चपलेत पाय घातला. "आत्या!" रीता ओरडली. जमुनाबाई थांबल्या, पण तिच्यासाठी नाही. शेजारी बसलेल्या बाईच्या हातातला बटवा घेतला, उघडला. दुसरीचा घेतला, उघडला.

"सगळ्याईत?"

"सगळ्याईत."

"दुसऱ्या साड्या नोयत्या तुया घरी?"

"होत्या. एकदोन कापून पाह्यल्या. टोचत होत्या. तुमचीच मऊ होती."

जमुनाबाईंनी हातातल्या अस्तरावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"गोंदियाच्या दुकानात अर्धा दिस बसून काढली होती मी हे साडी. दुकानदार कटाळला, पण मी नाई उठलो." आवाज आता चढला. "कापाचीच होती तं बाहेरून लावाची ना! पोटात काऊन लपवलीस? कोणाले दिसन ते?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. जमुनाबाईंनी वळून पाहिलं तशी ती बाई गप्प झाली.

"हासू नोका. माया राग गेला नाई." मग नंदाबाईकडे वळून, "तुयी एखांदी जुनी साडी दे मले."

"कायले जी?"

"हळद का अशीच लावू? डाग पडला तं? आता एकच उरली आहे."

नंदाबाईने दोरीवरची रोजची साडी आणली, धुऊन धुऊन विटलेली. जमुनाबाई ती नेसून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात वांग्याच्या रंगाची घडी होती. घ्यायला नंदाबाईने दोन्ही हात पुढे केले. जमुनाबाई तिच्या बाजूने पुढे गेल्या आणि घडी भावाच्या हातात दिली.

"तू धर रे चैतराम. हिच्या हाती देऊ नोको. हिच्यापाशी कैची आहे."

आणि पाटावर बसलेल्या रीतासमोर बसून त्यांनी वाटीत चार बोटं बुडवली. हळद लागेपर्यंत चैतराम ती घडी छातीशी धरून मांडवाच्या खांबापाशी उभा होता, कुठे ठेवावी ते त्याला कळत नव्हतं.