एकशे सत्तर

शाळेच्या व्हॉलीबॉल संघात तिला सगळ्याजणी जिराफ म्हणायच्या. तिला त्याचा राग येत नसे, उलट मान आणखी ताठ व्हायची. नेटपाशी उडी मारून ती असा काही स्मॅश हाणायची, की समोरच्या पोरी बॉल उचलायचं सोडून आधी डोकं वाचवायच्या. शाळा संपली की शहरातल्या मोठ्या कॉलेजच्या संघात खेळायचं, हे तिने आठवीतच ठरवून टाकलं होतं. पुढच्या फळीत उभं राहायला तिथे एकशे सत्तर सेंटिमीटर उंची लागायची. एवढी एकच अट.

तिचे बाबा शिंपी. दर वाढदिवसाला ते तिला दुकानातल्या भिंतीशी उभं करायचे, टेप लावायचे आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असा आकडा सांगायचे. आठवीत एकशे सहासष्ट, नववीत सदुसष्ट, मग अडुसष्ट, एकोणसत्तर. यंदा बारावीत एकशे सत्तर झाले, तेव्हा ती हातातली कामं टाकून दुकानभर नाचली होती.

निवड चाचणीच्या सकाळी कॉलेजच्या हॉलच्या दारातच उंचीचा खांब होता. प्रशिक्षक बाईंनी डोक्यावर पट्टी टेकवली.

"एकशे सहासष्ट."

"मॅडम, परत घ्या ना. माझे बाबा शिंपी आहेत. त्यांचं माप चुकत नाही."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी परत घेतलं. एकशे सहासष्टच.

बाई मनाने वाईट नव्हत्या. तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पुढे नाही घेता येणार गं. पण लिबेरोची एक जागा आहे. मागे राहायचं आणि आलेला बॉल उचलायचा, बस. तिथे उंची कुणी विचारत नाही. बघतेस?"

ती हो म्हणाली. पण शाळेत मागे जायची पाळी आली की सर तिला बाहेर बसवून दुसरीला आत घ्यायचे. तिने फक्त मारायचं, उचलायचं काम इतरांचं. आता चाचणीत पहिली सर्व्हिस तिच्या मनगटावर आदळली आणि बॉल थेट भिंतीवर गेला. दुसरी खांद्याला लागली. दहातल्या दोनच नीट गेल्या. तिच्यानंतर तिच्या खांद्यालाही न लागणारी एक पोरगी आली, तिने नऊ उचलल्या.

दुपारी ती दुकानात शिरली तेव्हा बाबा एका शर्टाला बाही जोडत होते. तिचा चेहरा बघून त्यांनी मशीन थांबवली.

"मी किती उंच आहे, बाबा?"

त्यांनी बाहीतली एक टाचणी काढून परत तिथेच लावली.

"खरं सांगा."

"आठवीनंतर तू वाढलीच नाहीस, बाळा," ते शेवटी म्हणाले. "नववीच्या वाढदिवशी टेप लावला, तू डोळे मिटून उभी होतीस. ओठ हलत होते तुझे. माझ्या तोंडून सदुसष्ट निघून गेलं. वाटलं, पुढच्या वर्षी वाढेल, मग खोटं राहणार नाही."

"आणि पुढच्या वर्षी?"

"तेव्हा तर तू आणखीच जीव तोडून खेळत होतीस. कुठल्या तोंडाने सांगू?"

ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती अगदी हळू बोलली. "मागची जागा शिकले असते मी. तिथे उंची लागत नाही. चार वर्षं होती माझ्याकडे, बाबा. चार."

"अजून शीक की. मी शाळेच्या सरांशी बोलतो..."

"निवड झाली. घेतलं त्यांनी दुसरीला."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला म्हणून उचलला. ती मागे सरली आणि हात अर्ध्यावरच राहिला.

त्या आठवड्यात ती सरावाला गेली नाही. दोन मैत्रिणी बोलवायला आल्या, तर डोकं दुखतंय म्हणून आतूनच सांगितलं. पुढच्या सोमवारी घराजवळच्या एका साध्या कॉलेजचा फॉर्म तिने भरला. आवडता खेळ असा एक रकाना होता, त्यात आडवी रेघ ओढली आणि पालकांच्या सहीसाठी फॉर्म बाबांपुढे ठेवला.

त्यांनी तो पहिल्या ओळीपासून वाचला. रेघेपाशी त्यांचं बोट थांबलं. मग सही केली.

"बरोबर आहे ना सगळं?" त्यांनी विचारलं.

तिने फॉर्म उचलला आणि ती बाहेर पडली.