सोजरबाईंचं पथ्य

येरवड्यात अमीन उस्तादांचं घर कुणालाही विचारा, बोट दाखवून सांगतील. मुरगळलेला पाय, आखडलेली मान, लचकलेली कंबर घेऊन लोक तिथे येतात आणि उस्ताद तेल चोळून, एक झटका देऊन त्यांना वाटेला लावतात. चाळीस वर्षं हेच चाललं आहे. पण गेल्या दोन महिन्यांपासून खुद्द उस्तादांचाच उजवा कोपर असा धरला होता, की चहाचा कप उचलताना डोळ्यांत पाणी यायचं. आपल्याच हाताला आपणच झटका देणार कसा? आणि दुसऱ्याकडे जावं, तर उद्या दारात कोण येईल?

म्हणून त्यांनी हिंजवडी गाठली. दोन बस बदलल्या, पाऊण तास वाहतुकीत घालवला आणि हाताच्या फिजिओथेरपीच्या एका दवाखान्यात जाऊन बसले. एवढ्या लांब कोण ओळखणार? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही. बाकावर बसूनसुद्धा त्यांनी रुमाल नाकापर्यंत ओढून घेतला होता.

"काम काय करता, काका?" डॉक्टर स्वरालीने विचारलं. वय असेल तिशीचं.

"दुकान आहे."

"कसलं?"

"असंच, किरकोळ."

तिने त्यांना मूठ आवळायला लावली, मनगट वर उचलायला सांगितलं आणि वरून हळूच दाबलं. कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी अशी कळ उठली की उस्ताद "या अल्लाह!" म्हणून उठलेच.

"टेनिस एल्बो," ती म्हणाली.

"मी जन्मात टेनिस खेळलो नाही."

"माझ्याकडे येणारं कुणीच खेळलेलं नसतं. धुण्याचे पिळे पिळणाऱ्या बायका येतात, भिंती रंगवणारे येतात, दिवसभर माऊस धरणारे येतात. मनगट उचलणारे स्नायू इथे हाडाला चिकटतात, आणि तेच तेच काम करून ती जागा दुखावते. आधी त्या हाताचं काम कमी करायचं, मग अगदी हलक्या वजनाने ताकद वाढवत न्यायची. पिशवी उचलताना तळहात वरच्या बाजूला. आधाराला पट्टा बांधायचा, तो कोपरावर नाही, कोपराच्या जरा खाली. दोन-तीन महिने धीर धरावा लागेल. आणि एक सांगून ठेवते, कुणाकडून झटका मारून घेऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या एका मावशींचा हात कुणा महाभागाने असा ओढलाय की त्यांचं दुखणं दुप्पट झालं."

उस्तादांनी मान हलवली. आजवर आपण किती कोपर ओढले, हे ते मनात आठवू लागले. तेवढ्यात दार ढकलून एक नऊवारीतल्या बाई आत आल्या आणि जागीच थांबल्या.

"उस्ताद! तुम्ही हिकडं?"

त्या सोजरबाई. जवळच्याच गावातल्या. गावाची जमीन इमारतींखाली गेली, तरी बाईंनी दोन म्हशी ठेवल्या होत्या आणि धारा स्वतःच काढत होत्या. सहा महिन्यांमागे कोपर धरून त्या येरवड्याला आल्या होत्या. उस्तादांनी तीनदा झटका दिला होता.

"मॅडम, हे येरवड्याचे उस्ताद," सोजरबाईंनी कौतुकाने सांगितलं. "लई मोठा माणूस. हाडं बसवत्यात."

"अस्सं!" स्वराली म्हणाली. "म्हणजे दुकान हाडांचं."

धरणी दुभंगावी आणि आपण गडप व्हावं, असं उस्तादांना झालं. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. पण खरा मार पुढेच होता.

"त्यांना बोलू नका मॅडम," सोजरबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडनं मलाच गुण आला न्हाई. आंबट वर्ज्य सांगितलं हुतं. दही-ताक, लिंबू, समदं मी सोडलं. पण उस्ताद म्हणले, पथ्य मोडलं आसंल. आता एवढा जाणता माणूस म्हणतोय म्हंजे मोडलं आसंल कधीतरी. मलाच आठवत नसंल."

हे बोल मूळचे उस्तादांचे नव्हते. त्यांच्या गुरूंनी पहिल्याच वर्षी शिकवले होते: गुण आला तर हात आपला, नाही आला तर पथ्य त्यांचं. या एका वाक्यावर चाळीस वर्षांची अब्रू उभी होती. आंबटाचा कोपराशी काय संबंध, हे ना गुरूंना ठाऊक होतं, ना त्यांना. आणि इथे ही भाबडी बाई स्वतःच्या आठवणीलाच खोटं पाडत होती.

"ताई," उस्ताद खाली बघत म्हणाले, "तुम्ही पथ्य मोडलं नव्हतं. मला जमलं नाही. म्हणून मी तसं बोललो."

सोजरबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. रागावल्या असत्या तर उस्तादांना बरं वाटलं असतं.

"मग एवढं करा," त्या म्हणाल्या. "घरी येऊन हेच सांगा. उद्या नको. आत्ता."

घर दहा मिनिटांवर होतं. ओसरीवर सोजरबाईंचे मालक, सोनबा, बसले होते. उस्तादांना बघताच ते लगबगीने उठले, स्वतःची खुर्ची त्यांना दिली आणि आत चहा सांगितला.

"उस्ताद स्वतः आले! आता तुम्हीच सांगा हिला. दुभत्याचं घर, ही चोरून ताक पिती आन् हात दुखतो म्हणती. सून बोलती, मी बोलतो, पर ऐकंल तर शप्पथ. चार पाव्हण्यांत सांगून झालं, तरी लाज न्हाई."

उस्ताद खुर्चीत बसलेच नाहीत. बसायची हिंमत होईना. आपण फेकलेलं एक वाक्य या घरात सहा महिने जेवायला बसत होतं, हे त्यांना आत्ता कळलं. एवढी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

"त्या ताक पीत नव्हत्या," ते म्हणाले. "माझ्या झटक्याने त्यांचा हात बिघडला. दोष अंगावर येऊ नये म्हणून मी पथ्याचं नाव पुढे केलं. खोटं मी बोललो, सोनबा."

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला. सोनबांनी उस्तादांकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मग तू बोलली का न्हाईस?"

"बोलले हुते की," सोजरबाई म्हणाल्या. "रोज बोलत हुते."