एका माणसावरून निष्कर्ष

एन्सल वोइचिक अखेर डॉक्टर झाला, तोही दुहेरी: एकदा रुग्णांचा, एकदा संशोधनाचा. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरा. ज्या माणसाला ते ऐकायचं होतं त्याच्या कानावर ते गेलेलं नाही. तेव्हा ते घडलंच नाही, असं समजून पुढे जाऊ.

तो माणूस म्हणजे त्याचे वडील, लिओनार्ड. अमेरिकेतल्या बफलो शहराच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलणारी गाडी चालवण्यात त्यांची हयात गेली. पोरगा एकदम दोन पदव्या करतोय म्हटल्यावर ते शेजारीपाजारी सांगत सुटले, की एक पंक्चर झाली तर दुसरी असावी.

पद्धत अशी, की दोन वर्षं वैद्यक शिकायचं, ते अर्ध्यावर ठेवून प्रयोगशाळेत संशोधन करायचं, आणि ते संपलं की परत रुग्णालयात यायचं. एन्सलला प्रयोगशाळेतले उंदीर सोडेनात. त्यांची फुप्फुसं कडक व्हायची, एन्सल ती मऊ करत बसायचा. तेवढ्यात बरोबरचे सगळे डॉक्टर होऊन कामालाही लागले.

एका रविवारी पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या पोलिश करंज्या, खाता खाता लिओनार्ड म्हणाले, "जिना चढताना हल्ली दम लागतो रे."

"केव्हापासून?"

"बर्फ पडायला लागल्यापासून."

"बाबा, एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही," एन्सल म्हणाला. प्रयोगशाळेत हे वाक्य तो रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा.

लिओनार्डना पटलं. शिकलेला पोरगा सांगतोय. त्यांनी परतलेला कांदा आणखी वाढून घेतला आणि हिवाळाभर खालच्या सोफ्यावर झोपले.

मग रुग्णालय. तिथली त्यांची डॉक्टर निघाली प्रिसिला ओयेलारन. एन्सल प्रेत चिरायला शिकत होता तेव्हा टेबलाच्या पलीकडे उभी असायची, तीच.

"ही तुझ्या वर्गातली?" लिओनार्डनी विचारलं.

"हो, बाबा."

"ही डॉक्टर. आणि तू?"

"अजून विद्यार्थी."

"नापास झालास?"

"नाही. जास्त हुशार निघालो."

लिओनार्ड हसले, मग खोकले, मग बराच वेळ नुसते खोकलेच. "पोरी, खरं सांग. दोन-दोन पदव्यांत काही अर्थ आहे का?"

"मिस्टर वोइचिक, मला नका विचारू. मी एकच केली, तरी परवापासून झोपलेली नाही."

"बरं, याचे उंदीर तरी बरे झाले?"

"झाले," एन्सल म्हणाला.

"सगळे?"

"बहुतेक."

"शाबास. त्यांना सांग, म्हातारा खूश आहे."

गुरुवारी दुपारी उशाजवळचं यंत्र ओरडायला लागलं. माणसं धावत आली. एन्सल पलंगाला चिकटून उभा होता. त्या फुप्फुसांत काय चाललंय हे खोलीत सगळ्यात जास्त त्यालाच कळत होतं, आणि करता काहीच येत नव्हतं.

"एन्सल, घरच्यांनी बाहेर थांबायचं असतं," प्रिसिला मान वर न करता म्हणाली.

तो बाहेर गेला. दार आपोआप मिटणारं होतं, त्यामुळे ते कुणी लावलं असंही म्हणता आलं नाही.

लिओनार्ड गेल्यानंतर महिन्याभराने अभ्यासक्रमाच्या कार्यालयाने नेहमीसारखा प्रगतीचा अहवाल मागवला. एन्सलने उंदरांचे तक्ते जोडले आणि शेवटी 'अन्य विनंती'खाली लिहिलं:

"अर्जदाराची वैद्यकीय पदवी, ती जेव्हा केव्हा मिळेल, गेल्या मार्चमधील त्या गुरुवारी दुपारपासून लागू धरण्यात यावी, जेणेकरून अर्जदारास खोलीच्या आत थांबता येईल."